तिसरी टक

पैज लागली ती दाराला पाडलेल्या एका भोकावरून.

दार होतं तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याचं. त्याला अख्खी इमारत भिंग म्हणायची, तेही तोंडावर, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. एक अख्खा रविवार खपून त्याने स्वतः घासलेली काच त्या भोकात बसवली, खाली आला आणि गेटपाशी उभं राहून जाहीर केलं, "आता आतून डोळा लावला की जिन्यापासून खिडकीपर्यंत सगळा पॅसेज दिसतो. मुंगी आली तर तिचा कुठला पाय लंगडतोय ते सांगेन."

हा टोमणा ज्याला होता, तो गेटला लागून असलेल्या कपाटाएवढ्या दुकानात बसून एका किल्लीला दात पाडत होता. धंदा कुलूप-किल्ल्यांचा, वय पन्नाशीला टेकलेलं, आणि अक्कल, बायकोच्या मते, सातवीच्या सहामाहीला अडकलेली. त्याला म्हणायचे टकटक. लोकांची दारं वाजवून पळायचं, हे एवढंच त्याला व्यसन. पण वाजवणं साधंसुधं नाही. आधी दोनदा: टक-टक. मग इतका वेळ काहीच नाही, की आतला माणूस गॅस बारीक करून, हात पुसत निम्म्या वाटेवर येईल, भास झाला असेल म्हणेल आणि मागे फिरेल. त्याने पाठ फिरवली की मग, टक. दार उघडावं तर पॅसेज रिकामा.

"पहिल्या दोन कोणीही वाजवेल," टकटक म्हणायचा. "कला तिसरीत आहे."

"मग दाखव कला," भिंग म्हणाला. "वार्षिक सभेपर्यंत रोज माझं दार वाजवायचं. एक दिवस खाडा झाला, किंवा एकदा जरी सापडलास, तर तू हरलास."

"आणि रोज वाजलं, आणि नाही सापडलो, तर?"

"तर मी हरलो. हरणाऱ्याने सभेत सगळ्यांसमोर बायकांचा गाऊन घालायचा, खुर्चीवर उभं राहायचं आणि तीनदा आरवायचं. कोंबड्यासारखं."

"गाऊन कुणाचा?"

"तुझ्या बायकोचा. मला बायको नाही, तुला माहितीय."

वरच्या बाल्कनीतून टकटकची बायको म्हणाली, "फुलाफुलांचा नवा मिळणार नाही." मग कपडे झटकता झटकता थांबली. "जुना देईन."

इमारतीचे सेक्रेटरी नेमके तिथूनच चालले होते. त्यांना साक्षीदार केलं. माणूस गंभीर होता. लिफ्टच्या दुरुस्तीवरही ज्याने कधी मत दिलं नाही, त्याने या पैजेचे नियम दोनदा म्हणून घेतले.

टकटकने पहिल्याच दिवशी शोध लावला की काच मुंगी दाखवत असली, तरी दाराच्या अगदी पायथ्याचं तिला दिसत नाही. मग पन्नाशीचा बाप्या रोज जिन्यावरून पोटावर सरपटत यायचा, खालून हात वर करून वाजवायचा, आणि आला तसा सरपटत जायचा. कधी वरच्या मजल्यावरून दोऱ्याला नट बांधून सोडायचा. कधी छत्रीच्या टोकाला बूच लावून. त्याचा एक सिद्धांत होता: प्रत्येक खोडीला कुठेतरी दोरा असतोच. भुतंखेतं वगैरे सगळी दोरा न सापडलेल्या लोकांनी काढलेली. बायकोला शर्ट पुढून कळकट का होतायत, याचा दोरा मात्र बरेच दिवस सापडला नव्हता.

आणि एके सकाळी पॅसेजमध्ये दारं दोन झाली.

एक भिंगाचं नेहमीचं. आणि त्याच्या डावीकडे, जरा तिरकं, तेच दार पुन्हा. तीच पितळी कडी, तेच भोक. टकटकला गुडघ्यांवरच हसू आलं. काचेचा माणूस, आरसाबिरसा लावला असणार बेट्याने. डावं दार जास्त खरं दिसत होतं, म्हणून त्याने डावं वाजवलं. टक-टक. लाकडाचा चांगला भरीव आवाज आला. त्याने नेहमीसारखं थांबून तिसरी मारली, आणि उठताना तोल सावरायला त्याच हाताने कडी धरायला गेला.

हाताला गार भिंत लागली. पिवळ्या रंगाची साधी भिंत. त्याने ती पुन्हा वाजवली. ती भिंतीसारखीच वाजली, म्हणजे वाजलीच नाही.

विचार करायला वेळ नव्हता. तो वळला, समोर जिनेही दोन होते, त्याने पुन्हा डावा धरला आणि गडगडत खालच्या वळणावर जाऊन बसला. भिंग धावत बाहेर आला.

"हात दारावर नव्हता," टकटक खालून म्हणाला. "हे धरत नाही."

"उठ आधी. ही किती बोटं?"

"दोन. पण तू एकच धरलं असशील, तू चावट आहेस."

भिंगाला वाटलं, हे नवीन सोंग. तरी त्याला त्याने खाली आपल्या दुकानात नेलं, उंच स्टुलावर बसवलं. एक डोळा झाकला तर बोट एक. दुसरा झाकला तरी एक. दोन्ही उघडले की दोन. भिंगाने बारीक टॉर्च डावीकडे नेला. उजवा डोळा मागोमाग गेला. डावा नाकाजवळून निघाला आणि मध्येच थांबला, गाडी बंद पडावी तसा.

भिंगाने टॉर्च विझवला. मग तो काचांचा खोका आवरायला लागला.

"बोल की," टकटक म्हणाला.

"सोंग सगळ्याचं आणता येतं रे. याचं येत नाही." त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "तुझ्या डोळ्याला काही झालेलं नाही. झालंय ते डोळ्याच्या मागे. चप्पल घाल, मी येतो बरोबर."

बायकोला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. गेला पंधरवडाभर चहा पिताना त्याच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळ येत होता, आणि ती रोज म्हणत होती, पुरे झाली थेरं.

हॉस्पिटलातल्या सर्जनबाई उंच होत्या, बोलायच्या कमी. त्यांनी फोटो दिव्यावर लावला.

"हा मेंदूचा देठ. फुलाला असतो तसा. जाडी तुमच्या अंगठ्याएवढी. श्वास, गिळणं, डोळे, चेहरा, सगळ्यांच्या तारा इथूनच जातात. आणि ही गाठ. पूर्वी इथे गाठ दिसली की आम्ही हात जोडायचो. आता काही जणांची काढता येते. तुमची एका बाजूला वर आलीय, तिला कड आहे, म्हणून मी हो म्हणतेय."

"नाही काढली तर?"

"वाढेल. आधी चालणं जाईल, मग गिळणं. मग श्वास."

बायको पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

"आणि काढली तर?"

"टेबलावर जाऊ शकता. हे आधीच सांगते. वाचलात तर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडू शकते, डावा डोळा मिटणार नाही, काही दिवस नळीने जेवावं लागेल."

डावा डोळा. टकटकला उजवा मारता येत नसे, कधीच आला नव्हता. सगळं भांडवल डाव्यात होतं.

"डोळा मारता येईल का?"

"कुणाला?"

"हिला."

सर्जनबाईंनी बायकोकडे नीट पाहून घेतलं. "प्रयत्न करते," त्या म्हणाल्या. "गाठीजवळ गेले की मी एका बारीक तारेने चाचपत जाते. तार पापणीच्या नसेला लागली की पापणी फडकते, आणि मशीनच्या स्पीकरमधून खरखर येते. खरखर आली की तिथून आत शिरायचं नाही, दुसरी जागा शोधायची."

"म्हणजे पिना चाचपत कुलूप उघडायचं."

"तसंच. फक्त हे कुलूप बिघडलं तर नवीन मिळत नाही. आणि गाठ जिथे सोडायला तयार नसेल, तिथे तिची साल तशीच ठेवेन. लोभ केला की माणूस जातो."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भिंग वॉर्डात आला. बायको खाली चहा प्यायला गेली होती. टकटक छताकडे बघत पडला होता, एका डोळ्यावर पट्टी, म्हणजे छत एकच दिसावं.

"पट्टी बांधून, दोऱ्याने का होईना, आज सकाळपर्यंत वाजवलं. उद्या खाडा होणार," टकटक म्हणाला. "हरलो मी. गाऊन इस्त्री करून ठेव."

"सभा अजून लांब आहे."

"भिंग, एक सांगतो, हिला बोलू नकोस. मेलो तर मेलो. पण जगलो आणि सभ्य झालो तर? बाई तिथे आत चाकू घालणार. उठलो आणि 'आभारी आहे, तसदीबद्दल क्षमस्व' असं बोलायला लागलो, तर त्या माणसाचं ही काय करील? तिने तेवीस वर्षं माझ्या नावाने खडे फोडलेत. तिला दुसरं काही येत नाही."

भिंगाने खिशातून काचेवर खुणा करायचं मार्कर काढलं. "मग जाता जाता एक खोडी करून जा. पालथा हो."

मानेच्या खाली, पाठीवर, भिंगाने आपल्या दुकानातल्या तक्त्यासारखं लिहिलं. वरची अक्षरं मोठी, मग लहान, मग आणखी लहान.

आत येण्याआधी
टकटक करा
ही ओळ वाचता आली तर चष्मा बरोबर आहे

सकाळी स्ट्रेचर आत जाताना बायकोने त्याच्या हातावर चापट मारली, नेहमी मारायची तशी. पुढचं त्याला आठवत नाही.

जाग आली तेव्हा मानेवर दगड ठेवल्यासारखं जड होतं, घशात नळी होती, आणि छताच्या जागी बायकोचं तोंड होतं. एकच तोंड नव्हतं, दोन होती, पण दोन्ही रडत होती म्हणजे बातमी चांगली असणार. उजवा हात हलला, डावा हलला. पाय हलले. चेहऱ्याची डावी बाजू मात्र ओल्या कापडासारखी लोंबत होती आणि डावा डोळा मिटत नव्हता. त्यावर नर्स थेंब टाकायची, आणि झोपताना चिकटपट्टी लावून पापणी खाली ओढून ठेवायची.

"येईल हळूहळू," सर्जनबाई म्हणाल्या. "नस जागेवर आहे, रुसलीय. गाठ सावकाश वाढणारी निघाली, बहुतेक सगळी काढली. थोडी साल ठेवली. सोडायला तयार नव्हती."

नळी निघाली, चमच्या-चमच्याने घट्ट खीर गिळवून बघितली, ती खाली उतरली. आणि तो बोलायला लागला. पहिलं वाक्य नर्सला होतं: "आपल्याला फार त्रास झाला माझ्यामुळे."

बायकोने भिंगाला कोपऱ्यात घेतलं. "भावजी, हे काल मला म्हणाले, तू बस, दमली असशील. मला भीती वाटतेय."

भिंगाने परीक्षा घ्यायची ठरवली. स्वतःचा चष्मा उशाशी ठेवला, शेजारी मलमाची उघडी ट्यूब ठेवली आणि मुद्दाम बाहेर जाऊन आला. काचांवर मलम लावायचं, हे सातवीच्या सहामाहीतलं पोरही करतं. परत आला तर ट्यूबला झाकण लावलेलं होतं आणि चष्मा पुसून, घडी घालून ठेवलेला. भिंग पॅसेजमध्ये गेला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याने पुसलेला चष्मा पुन्हा ओला केला.

टकटकला हे कळत होतं. चष्मा दिसला, मलम दिसलं, काय करायचं असतं तेही आठवलं. करावंसं वाटलं नाही. घरात जिथे रेडिओ असायचा तिथे आता भिंतीवर फक्त चौकोनी डाग, असं काहीतरी आत झालं होतं.

दोन दिवसांनी नसांच्या मशीनवाल्या बाई वायरी घेऊन त्याचा चेहरा तपासायला आल्या. वायरी चिकटवता चिकटवता त्यांना हसू आलं.

"तुमच्या पाठीवरचं सगळ्यांनी वाचलं. शेवटची ओळ भूलतज्ज्ञांना वाचता आली नाही. मोठ्या बाई कधी हसत नाहीत, पण त्यांनी सुरू करण्याआधी खरंच तुमच्या डोक्याच्या मागच्या हाडावर बोटाने वाजवलं. टक-टक."

"दोनदाच?"

"दोनदाच." त्यांचं हसू जरा कमी झालं. "तुम्हाला कुणी सांगितलं का? नसेल सांगितलं. जेवणाच्या सुमाराची गोष्ट. हाड उघडलेलं, गाठ समोर. बाईंनी तार बाजूला ठेवली होती, दोन्ही हात वर, नर्सकडून काहीतरी घेत होत्या. कुणाचाही हात तुमच्या जवळ नव्हता. आणि स्पीकर वाजला. पापणीची वायर. खरखर येते ना नेहमी, तशी नाही."

"मग?"

"एकदाच. टक." त्यांनी स्वतःच्या मनगटावर बोट आपटून दाखवलं. "मी सगळ्या पिना काढून पुन्हा लावल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, लूज कॉन्टॅक्ट. असेलही."

"असेलच," टकटक सभ्यपणे म्हणाला. पण त्या गेल्यावर तो दोरा शोधत बसला. माझी वाजवायची रीत यांना कुणी सांगितली? भिंगाने? भिंग तर ऑपरेशनच्या दिवशी आलाच नव्हता.

संध्याकाळी त्याने विचारलं, "त्या दिवशी कुठे होतास?"

भिंग खुर्चीत चुळबुळला. "घरी. दारामागे. स्टूल टाकून."

"कशाला?"

"पैज होती ना. तू नव्हतास म्हणून मी पण नसायचं, हे बरोबर नाही वाटलं." मग खाली बघत म्हणाला, "इथे यायची हिंमत झाली नाही, खरं सांगू? काचेला डोळा लावून बसलो होतो सकाळपासून. दुपारी तसाच डबा उघडला मांडीवर. आणि दार वाजलं."

टकटकने उशीवरची मान त्याच्याकडे वळवली.

"दोनदा. माझा डोळा काचेलाच होता, टकटक. पॅसेज रिकामा. खाली कुणी सरपटतंय म्हणावं, तर मी तू पडलास त्याच आठवड्यात खाली दुसरी काच बसवलीय, तीही बघितली. कुणी नाही. मी म्हटलं भास, डबा ठेवायला वळलो, आणि तिसरी."

"उघडलंस?"

"उघडण्याआधी पुन्हा काचेला डोळा लावला. तर काळं. म्हणजे बाहेरून कुणीतरी काचेला डोळा लावला की होतं ना, तसं. मग उजेड. मग पुन्हा काळं, पुन्हा उजेड." त्याने स्वतःचा डावा डोळा मिटून उघडून दाखवला. "असं. मग उघडलं मी. कुणी नव्हतं."

"दोरा बघितलास?"

"वरच्या मजल्यावर जाऊन आलो. गच्चीवर जाऊन आलो." भिंगाने आवाज खाली आणला. "आणि तेव्हापासून रोज वाजतंय. एक खाडा नाही. तू कुणाला तरी लावून दिलंयस ना? खरं सांग, मी रागावणार नाही. मला उलट बरं वाटेल."

"नाही रे," टकटक म्हणाला. "आणि मला बरंही वाटत नाहीये."

घरी आल्यावर इमारतीने त्याच्यावरच नजर ठेवली. बायको त्याला समोर बसवून मटार सोलायला द्यायची, आणि तो दाणे वेगळे, सालं वेगळी असे नीट सोलायचा, एकही दाणा कुणाच्या मानेवर न मारता. वर दार वाजायचं. बायको त्याच्या हातांकडे बघायची, मग छताकडे.

तो काठी टेकत स्वतः वर गेला. दार तपासलं. चौकट, बिजागऱ्या, पाण्याचे पाइप, खिडकीच्या फटी. दोरा कुठेच नव्हता. मग सरळ दारासमोर उभं राहून त्याने दोन्ही तळवे लाकडावर ठेवले आणि वाट बघितली. पलीकडून भिंगाचा श्वास ऐकू येत होता, तोही दाराला चिकटलेला.

टक-टक.

आवाज दाराचाच होता. तळव्याखाली लाकूड मात्र हललं नाही.

"तू वाजवलंस?" आतून भिंग म्हणाला.

"माझे हात दिसतायत ना तुला?"

"दिसतायत."

दोघेही तिसरीची वाट बघत उभे राहिले. ती आली नाही. टकटकने शेवटी काठी घेतली, दाराकडे पाठ केली, आणि ती आली.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. डावीकडच्या पिवळ्या भिंतीकडेही नाही. खाली आला आणि बायकोला म्हणाला, "सगळं ठीक आहे," आणि बायकोला ते अजिबात ठीक वाटलं नाही, कारण तो एवढं साधं वाक्य कधी बोलत नसे.

वार्षिक सभा रविवारी सकाळी अंगणात भरली. चांगलं ऊन पडलं होतं. सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीचा विषय पुढे ढकलला आणि घसा साफ केला.

"नियम असा होता की दार रोज वाजलं पाहिजे आणि वाजवणारा सापडता कामा नये. दार रोज वाजलं. वाजवणारा सापडला नाही. वाजवणारा शुद्धीवर असला पाहिजे, अशी अट ठरलेली नाही. भिंग हरले."

"मला मान्य आहे," भिंग म्हणाला. तो तयार होऊनच आला होता. जुना गाऊन त्याला गुडघ्यापर्यंत येत होता, खाली त्याच्या काळ्या चपला, आणि डोक्यावर तुऱ्यासारखा लाल प्लास्टिकचा मग, हनुवटीखाली इलॅस्टिकने बांधलेला. "तो जगला तर आरवेन, असं मी त्या दिवशी दारामागे बसून म्हटलंच होतं. वाया नाही घालवणार."

खुर्ची एका पायाने डुगडुगत होती. टकटकने ती दोन्ही हातांनी धरली. शेजारी बायको उभी होती. सेक्रेटरींनी हजेरी घेतली. एकूणएक माणूस खाली होता. वर इमारत पूर्ण रिकामी.

भिंग आरवला. लोकांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्यांदा आरवला, डोक्यावरचा मग नाकावर घसरला, पोट धरधरून हसण्याचा आवाज उठला. टकटकला हसायला हवं हे कळत होतं.

भिंगाने तिसऱ्यासाठी छाती भरली, आणि भरलेलीच राहिली.

टक-टक.

तिसऱ्या मजल्यावरून. उन्हात, स्वच्छ.

सगळ्या माना टकटककडे वळल्या. त्याचे दोन्ही हात खुर्चीवर होते.

कुणी हललं नाही. तिसरी यायची होती, हे आता सगळ्यांना पाठ होतं.

ती येईना.

भिंगाने, काहीतरी करायचं म्हणून, उरलेलं आरवून टाकलं. आवाज फाटला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, मोकळे झाले. खुर्च्या सरकल्या. लोकांनी पाठ फिरवली.

तेव्हा आली.

कुणालाच ऐकू गेली नाही. टकटकच्या डोक्याच्या मागच्या हाडावर, टाक्यांच्या बरोबर वर, जिथे सर्जनबाईंनी वाजवलं होतं तिथे, कुणीतरी मागून बोटाचं हाड वाजवावं तशी. एकदाच. मागे कुणी नव्हतं.

पाठीवरचं मार्कर अजून पुरतं गेलेलं नव्हतं.

"ये," तो ओठातल्या ओठात म्हणाला. "उघडंच आहे."

कित्येक दिवस न मिटलेली डावी पापणी मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

"अहो," बायकोने तोंडावर हात घेतला. हसत होती की रडत होती कळत नव्हतं. "मारलात? मला डोळा मारलात?"

टकटकला सांगायचं होतं की त्याने काही केलेलं नाही. पण ती इतकी खूश होती. ती भिंगाकडे वळत म्हणाली, "भावजी, आले हे. आले परत."

दोनदा मिटून पापणी आता उघडीच होती. ती थांबली होती, बायकोची पाठ पुरती फिरायची वाट बघत.